घरी कोण कोण असतं?

१

श्रीलक्ष्मी कामाला बसली की घराला आग लागली तरी तिला आधी फाइल सेव्ह करायची असते, असं तिच्या सासूबाई कुसुमताई सगळ्या गल्लीला सांगत. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीनं ठरवावं. श्रीलक्ष्मीनं ते कौतुकच धरलं होतं. सासरी सुखानं नांदायचं तर असल्या सोयी करून घ्याव्याच लागतात.

मुलगी झाल्यावर हैदराबादची नोकरी सोडून ती बीदरला सासरी आली होती. आता प्रेरणा पहिलीत होती, नवरा संकर्षण पाटबंधारे खात्यात होता, आणि माडीवरची एक खोली श्रीलक्ष्मीच्या कॉम्प्युटरला मिळाली होती. सकाळी शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालायला लागली की खिडकीची तावदानं थरथरत, आणि त्या आवाजात तिचा दिवस सुरू होई.

माहेरचं तिच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. नाव तेवढं उरलं होतं, आणि तेही भांडून. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा ती गुरुजींना म्हणाली होती, माझं नाव आहे तेच राहील. मांडवात चुळबुळ झाली. सासूबाईंचा चेहरा उतरला. संकर्षणनं मात्र तांदळात ‘श्रीलक्ष्मी’ असंच लिहिलं, आणि त्या क्षणी तो तिला मनापासून आवडला. लग्न लागल्यावर का होईना, आवडला हे महत्त्वाचं.

सध्या तिच्या हातात एका कॉलेजच्या मराठी विभागाचं काम होतं. सीमाभागातली बोली टिकवायची म्हणून त्यांनी कमलनगर, औराद, निंबर्गा अशा गावांतून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. गावोगाव हिंडायचं काम हरिओम नावाच्या तरुणाचं. आवाजावरून मजकूर एका यंत्रानं आपोआप लिहिला होता. पण त्या यंत्रानं फाइली उतरवून दिल्या तेव्हा त्यांत मराठी एक अक्षर दिसेना. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक होता. ‘आई’ हवं तिथं \u0906\u0908 असलं काहीतरी, आणि पानंच्या पानं तशीच.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. अक्षरं हरवली नव्हती, नुसती आकड्यांच्या बुरख्यात बसली होती. श्रीलक्ष्मीनं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो क्रमांक वाचायचा आणि त्याच्या जागी खरं अक्षर ठेवायचा. एक बटण दाबलं की आकड्यांच्या चिखलातून म्हातारी माणसं बोलायला लागत. पेरणी, पाटाचं पाणी, निजामाच्या वेळचे रझाकार, कानडी सून, उर्दू शाळा. तिला हे काम फार आवडलं.

२

एक क्रमांक मात्र बदलेना.

सगळ्या मुलाखतींत हरिओमचा पहिला प्रश्न ठरलेला होता: घरी कोण कोण असतं? उत्तरात नावं येत. मी, मालक, थोरला, धाकटा, सुना, लेकरं. आणि सगळी नावं संपली की एक क्रमांक तसाच आकड्यांत राही. प्रोग्रॅम तिथं येऊन अडे. श्रीलक्ष्मीनं तो शोधून पाहिला. जगातल्या कुठल्याही लिपीतलं अक्षर त्या क्रमांकावर नव्हतं. तो कुणालाच दिलेला नव्हता.

यंत्राची चूक, असं म्हणून ती पुढे गेली. दुसऱ्या गावच्या फाइलीतही तेच होतं. तिसऱ्याही.

विचार करायची सवय असलेल्या माणसाला कारण सापडतंच. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिथं थांबतात, पदर सावरतात, पुढे जातात. यंत्राला ते थांबणं कळलं नसेल, म्हणून त्यानं काहीतरी खूण ठेवली असेल. हे कारण तिला इतकं पटलं की तिनं स्वतःचीच पाठ थोपटली आणि खात्रीसाठी मूळ आवाज लावला. कमलनगरजवळच्या सत्यभामाबाईंचा होता तो.

“म्या हाय. हेनी हायत. आप्पाराव हाय, थोरला. त्याची बायकू. धाकल्याची बायकू. दोन लेकरं.” मग त्या थांबल्या. मागे कुठंतरी जमिनीवर ताट टेकल्याचा आवाज आला. “एवढीच,” त्या म्हणाल्या.

म्हणजे नवरा ‘हेनी’ म्हणून आधीच येऊन गेला होता. श्रीलक्ष्मीनं निंबर्ग्याच्या एका म्हाताऱ्याचा आवाज लावला. तो पुरुष माणूस, बायकोचं नाव घेताना लाजला नाही की अडखळला नाही. सगळ्यांची नावं खणखणीत सांगून झाल्यावर तोही थांबला, आणि त्या थांबण्यातही कुणीतरी ताट खाली ठेवलं.

दुपारी चहाच्या वेळी तिनं सासूबाईंना विचारलं. कुसुमताईंनी जन्मभर शाळेत शिकवलेलं, पण माहेर औरादकडच्या खेड्यातलं. गावाकडची माणसं घरच्यांची नावं सांगताना शेवटी अशी थांबतात कामून, असं तिनं विचारलं तेव्हा त्या बशीतला चहा फुंकत राहिल्या.

“सगळ्यांचंच नाव घ्यायचं नसतं गं. असतं एखादं माणूस घरात.”

“कोण असतं?”

“तुझा चहा निवायलाय,” कुसुमताई म्हणाल्या.

३

आता जी चूक झाली ती अगदी साधी होती, आणि श्रीलक्ष्मीच्या जातीच्या माणसाकडूनच व्हावी अशी होती.

तो क्रमांक नेमका कुठं कुठं आहे हे तिला एकदम बघायचं होतं. आकड्यांवर नजर ठरत नाही. म्हणून त्याच्या जागी तात्पुरता एखादा शब्द घालावा, असा शब्द की जो या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात कुठंच आलेला नाही, म्हणजे शोधायला आणि नंतर काढायला सोपा. हैदराबादला असताना चाचणी घ्यायची तर ती स्वतःचं नाव टाकत असे. सगळेच टाकतात. हात सवयीनं चालले. तिनं क्रमांकाच्या जागी ‘श्रीलक्ष्मी’ घातलं आणि बटण दाबलं.

सगळ्या फाइलींत, सगळ्या गावांत, सगळ्या घरांत ते नाव जाऊन बसलं. सत्यभामाबाईंच्या घरी दोन लेकरांनंतर श्रीलक्ष्मी. निंबर्ग्याच्या म्हाताऱ्याच्या घरी धाकट्या सुनेनंतर श्रीलक्ष्मी. वाचताना तिला गंमत वाटली. एवढ्या घरांत आपली पानं मांडलेली बघून कुणाला बरं वाटणार नाही?

तेवढ्यात खाली प्रेरणाच्या शाळेची रिक्षा वाजली. लेकीला ताप होता. फाइल सेव्ह करून ती खाली धावली, आणि पुढचे काही दिवस औषधं, काढे नि गार पाण्याच्या पट्ट्या यांतच गेले. ज्या फोल्डरात तिनं ते सेव्ह केलं होतं तो कॉलेजच्या लोकांनाही उघडा होता, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

४

हरिओम एका सकाळी दारात आला तेव्हा प्रेरणा बरी होऊन शाळेत गेली होती. तो बराच वेळ पायरीवरच घोटाळत होता. कॉलेजचा नियम असा होता की तयार झालेला मजकूर ज्यानं सांगितला त्याला वाचून दाखवायचा, त्यानं मान्य केला तरच पुढे न्यायचा. हरिओम फोल्डरातून फाइली उतरवून घेऊन गावोगाव वाचून आला होता.

“अक्का, एक इचारू का? तुमचं नाव कामून घातलं त्याच्यात?”

श्रीलक्ष्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याला बसवलं, सगळी हकीकत सांगितली, हात जोडले. लोक किती चिडले असतील, कॉलेजच्या सरांच्या कानावर गेलं का, असं एकामागून एक विचारलं. हरिओम मान खाली घालून ऐकत होता.

“चिडलं न्हाई कुणी. तेच तर सांगायलोय. एकाबी घरी कुणी म्हणलं न्हाई की ही कोण, आमच्याकडं अशी बाई न्हाई.” त्यानं मान वर केली. “सत्यभामाबाई तेवढी म्हणली, असं व्हय, श्रीलक्ष्मी व्हय, बरं झालं कळालं. अन् डोळं पुसली.”

आधी श्रीलक्ष्मीला हसू आलं. म्हाताऱ्या माणसांना वाचलेलं नीट ऐकू आलं नसेल, कॉलेजचं माणूस वाचतंय म्हटल्यावर नुसती मान डोलवली असेल. पण हरिओम हसला नाही. शेवटी तिनं ठरवलं की आपण स्वतः जाऊन एकदा माफी मागावी आणि नाव काढतो म्हणून सांगावं. चूक आपली आहे तर तोंडही आपणच दाखवावं, हा तिच्या वडिलांचा शिरस्ता होता. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला आपलं नाव परत हवं होतं. लोकांच्या घरात ते असं पडून असणं तिला आता आवडेनासं झालं होतं.

५

हरिओमला बरोबर घेऊन कमलनगरला बसनं, तिथून पुढे जीपनं. सत्यभामाबाईंचं घर रस्त्यापासून आत, तुरीच्या रानाला लागून होतं. पुढे पत्र्याची पडवी, आत लांबट अंधारी खोली, भिंतीशी धान्याची पोती. जेवायची वेळ झालेली. चुलीवर पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीचा आंबूस वास दरवळत होता.

सत्यभामाबाई बाहेर आल्या. वाकलेल्या, पण चालणं चपळ. त्यांनी श्रीलक्ष्मीचं मनगट धरलं आणि जमिनीकडे बघतच म्हणाल्या, “आलीस? बस आधी. दोन घास खा.”

श्रीलक्ष्मीनं बोलायला सुरुवात केली, पण खेड्यात पानावर बसल्याखेरीज कुणी ऐकून घेत नाही. घरची माणसं रांगेत बसली होती: सत्यभामाबाईंचा नवरा, आप्पाराव, दोन्ही सुना, लेकरं. हरिओमलाही त्यांनी मध्ये बसवून घेतलं. एकच पाट रिकामा होता, पोत्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात, आणि त्याच्यापुढे ताट वाढलेलं होतं. पाहुणीला दुसरी जागा दिसेना. ती जाऊन तिथं बसली.

ती बसता बसता कुणीतरी उठून मागच्या दारानं बाहेर गेलं. तिला दिसला तो फक्त उंबऱ्यावरून सरकत गेलेला पदर. सून असेल, असं तिच्या मनात आलं. मग तिनं रांगेकडे पाहिलं. दोन्ही सुना जेवत होत्या.

भाकरी अजून ऊन होती. सत्यभामाबाईंनी तिच्या ताटात भाजी वाढली, तूप वाढलं, आणि वाढताना तोंड भिंतीकडे फिरवलेलं ठेवलं. बाकी कुणाची मान वर झाली नाही. हरिओमचीही नाही. श्रीलक्ष्मी बोलायला लागली. ते नाव चुकून पडलं, त्याचा तुमच्या घराशी काही संबंध नाही, आजच घरी गेल्यावर काढते, असं तिनं सगळं सांगितलं. आपलाच आवाज आपल्याला एवढा मोठा का वाटतोय हे तिला कळेना.

“काडू नकोस,” सत्यभामाबाई भिंतीला म्हणाल्या. “माज्या सासूनं वाढलं, तिच्या सासूनं वाढलं, म्या वाढायलेव. कुणाला वाढायलोत ते ठाव न्हाई. वाढताना तिकडं बघायचं न्हाई, एवढंच सांगितल्यालं. पर नाव न्हाई तर माणसाला बोलवावं कसं? बिचारी न बोलवताच जेवायची. आता नाव मिळालं तिला.”

“ते माझं नाव आहे,” श्रीलक्ष्मी म्हणाली.

“व्हय की,” त्या शांतपणे म्हणाल्या. शेजारणीच्या गाईची धार आज कोण काढणार असं विचारावं, तशा काळजीनं त्यांनी विचारलं, “पर तू तर हितं बसलीस. मंग तुज्या घरी तुज्या जाग्यावर कोण बसायलंय?”

६

बीदरच्या बसमध्ये कंडक्टर तिच्यापाशी आलाच नाही. कर्नाटकात बायकांना बसचा प्रवास फुकट असला तरी शून्य रुपयांची चिठ्ठी द्यावी लागते. त्यानं पुढच्या सीटवरच्या बाईला दिली, मागच्या सीटवरच्या बाईला दिली. गर्दी फार होती, असं श्रीलक्ष्मीनं मनाला सांगितलं. हरिओम कमलनगरलाच जीपमधून उतरून गेला होता, आणि जाताना तो तिला ‘येतो’ म्हणाला नव्हता. त्याचंही कारण तिनं शोधलं. पोरगं ओशाळलं असेल.

दिवेलागणीला ती घरी पोचली. स्वयंपाकघरात कुसुमताई कुणाशी तरी बोलत होत्या. शेजारीण आली असेल. तिला कुणालाच भेटायचं नव्हतं. ती तशीच माडीवर गेली, कॉम्प्युटर लावला आणि सगळ्या फाइलींतून आपलं नाव काढलं. त्याच्या जागी तो जुना क्रमांक परत बसवला. एकही जागा सुटली नाही ना, हे दोनदा तपासलं. प्रत्येक घर पुन्हा होतं तसं झालं. नावं, नावं, आणि शेवटी तो कुणाचाच नसलेला क्रमांक.

झालं. तिला एकदम हलकं वाटलं. एवढीशी गोष्ट, आणि आपण दिवसभर रान उठवलं. ती खुर्चीत मागे रेलली. खालून कढीच्या फोडणीचा वास येत होता. भूक लागली होती. कमलनगरच्या त्या ताटातलं तिला गिळवलंच नव्हतं. संकर्षण आल्याचा आवाज आला, मग प्रेरणाचं हसणं, मग कुसुमताईंचं बोलावणं.

“संकर्षणा, प्रेरणा, चला पानं घेतलीत.” आणि मग आणखी कुणाला तरी, लाडानं, “अगं श्रीलक्ष्मी, बस की आता तूही. दिवसभर राबायलीस.”

लग्न झाल्यापासून सासूबाईंनी तिला इतक्या मायेनं हाक मारली नव्हती. तिचे डोळेच भरून आले. ‘आले हं’ म्हणत ती जिना उतरली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

टेबलाशी सगळे बसले होते. तिची खुर्ची ओढलेली होती. खुर्चीच्या पाठीवरून एक पदर खाली लोंबत होता. त्यापुढचं तिला बघवेना, किंवा बघता आलं नाही, दोन्ही एकच. संकर्षण त्या खुर्चीकडे बघून काहीतरी सांगत होता, ऑफिसातलं, आणि मधूनच हसत होता. तो तिच्याशी असाच हसायचा.

“अहो,” श्रीलक्ष्मी म्हणाली.

संकर्षणचा घास हातात क्षणभर थांबला. मग त्यानं तो तोंडात घातला.

कुसुमताई उठल्या. त्यांनी एक जादा ताट घेतलं, त्यात भात, कढी, थोडी भाजी वाढली, आणि फ्रिजच्या नि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात जमिनीवर टेकवलं. तोंड त्यांचं खिडकीकडे होतं. हात मात्र नीट होते, सांडलं काही नाही. लहानपणी माहेरी पाहिलेलं कुणी विसरत नाही.

“सासूबाई, मी आहे,” श्रीलक्ष्मी म्हणाली. “मी आले आहे.” पण ‘मी’ म्हणजे कोण, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि पुढचा शब्द आलाच नाही. जिभेवरच्या नेहमीच्या जागी ती तो शोधत राहिली.

प्रेरणा तेवढी तिच्याकडे बघत होती. ओठाला भाताचं शीत, डोळे मोठे झालेले. तिनं ओळखलं होतं. ओळखलं होतंच. श्रीलक्ष्मीनं दोन्ही हात पुढे केले. ही एक जरी बघत राहिली तरी पुरे, बाकी सगळं आपण सावरून घेऊ, असं तिला वाटलं, आणि आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं इतक्या कळवळून ती लेकीच्या त्या नजरेला चिकटून उभी राहिली.

“वाढल्यावर तिकडं बघू नये, बाळ,” कुसुमताई हळूच म्हणाल्या. “आपण आपलं जेवावं.”

शहाणं लेकरू. एकदा सांगितलं की ऐकतं. प्रेरणानं नजर आपल्या ताटात वळवली, थोडा वेळ भात चिवडला, आणि मग समोरच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “आई, मला कढी दे ना.”

वाटी टेबलावरून सरकल्याचा आवाज आला.